निराशेची मेहनत

सातारा

चि. निखिल,



भाषा खोटी, विचार तिच्याहून खोटा आणि जगणं म्हणजे या दोघांनी रचलेलं कुभांड, असं तू चार पानं भरून लिहिलंस. वाद घालत नाही. ही बाजू भक्कम आहे, आणि तिला हसण्यावारी नेणारी माणसं मला फारशी आवडतही नाहीत.

पण तू फ्रित्झ माउथनरचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. बर्लिनच्या वर्तमानपत्रांत नाटकांवर लिहिणारा हा माणूस. ज्ञानाचं साधन म्हणून भाषा कुचकामी आहे, हे सांगायला त्याने १९०१-०२मध्ये तीन जाडजूड खंड काढले. तुला त्यात विसंगती दिसते, मला चिकाटी. भाषा नेमकी कुठे फसवते, हे तो खणत बसला. पुढे तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने आपली वाट त्याच्याहून वेगळी असल्याचं सांगितलं; पण नाव घेऊन सांगितलं, हेही थोडं नाही.

आणि तुझा लाडका रुमानियन विचारवंत सिओरान! त्याची निराशा वाचतोस, तिच्यामागचं तरुणपण नाही. १९३०च्या दशकात हाच माणूस हिटलरच्या जर्मनीने भारावला होता, रुमानियातल्या फॅसिस्टांकडे झुकून आवेशाने लिहीत होता. नंतर मातृभाषा सोडून तो फ्रेंचकडे वळला. फ्रेंचमधलं पहिलं पुस्तक १९४९मध्ये आलं, तेही पुन्हा पुन्हा नव्याने लिहून. परक्या भाषेत हात सैल सोडता येत नाही. त्याचा शब्दांवरचा अविश्वास मला तरी दुधाने तोंड पोळलेल्याचं ताक फुंकणं वाटतो.

तुझं तोंड अजून पोळलेलं नाही रे. ‘सगळं व्यर्थ’ असं तू एका झटक्यात लिहितोस, तेव्हा शब्दांवर तुझ्याइतका आंधळा विश्वास कुणाचाच नसेल.

तेव्हा पत्र पुन्हा लिही. ‘अस्तित्व’ आणि ‘मानवजात’ असलेली वाक्यं आधी खोड. आजीच्या शेवटच्या आजारपणात तिच्याशी काय बोलायचं होतं आणि का जमलं नाही, हे तू तळाशी एका ओळीत उरकलंस. मला चार पानं त्याची हवी होती. कुठे शब्द अडला, तिने काय विचारलं, तू काय थाप मारलीस, सगळं. सुटसुटीत नसलं तरी चालेल.

रात्र-रात्र झोप लागत नाही म्हणतोस, ते मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. सिओरानने निद्रानाशाचं तत्त्वज्ञान केलं. तुझी सकाळी आठची शिफ्ट असते.

तुझा,
मामा