जपानी मेपल व त्याचें कलम

शोभेच्या झाडांत जपानी मेपलची कीर्ति मोठी आहे. हें झाड जपान व कोरिया येथील रानांतलें असून जपानी लोक त्यास मोमिजी म्हणतात. शरद ऋतूंत रात्री थंड होऊं लागल्या म्हणजे पानांतील हिरवा रंग ओसरतो व तांबडा चढतो. ती शोभा पाहण्यास लोक मुद्दाम क्योतोस जातात.

याचें बीं ओल्या वाळूंत तीन-चार महिने थंडींत ठेविल्यावर रुजतें. परंतु कोयीच्या आंब्याप्रमाणें रोपें मूळ झाडाच्या वळणावर हमखास जात नाहींत. म्हणून माळी साध्या मेपलच्या दोन वर्षांच्या रोपावर पसंत जातीची काडी बांधून कलम करितात. अशा नांवाजलेल्या जाती आज 1000 हून अधिक आहेत.

कलमास निचऱ्याची, किंचित् आम्ल जमीन व दुपारची सावली द्यावी. उष्ण वाऱ्यानें पानांच्या कडा करपतात.

हिंवाळ्याची खरी थंडी या झाडास अवश्य आहे. ती देशावर व कोंकणांत मिळत नाहीं. यास्तव रंगीत चित्रावर भुलून बियांची पुडी घेणाऱ्या बांधवांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आधीं आपल्या गांवच्या थंडीचा हिशेब पाहावा, मग पैशाचा. तांबड्या रंगाची हौस फेडण्यास बांधावरचा पळस व पांगारा आहेतच.