विजया, कॅनाबिडिऑल आणि स्मृती

स्मृतिवर्धनासाठी विजयेचे तेल द्यावे काय, असा प्रश्न तेरखेड्यासारख्या गावीही आम्हांस विचारला जातो. येथे वनस्पती व तिचा एक घटक यांतील भेद ध्यानी घ्यावा.

शार्ङ्गधरांनी भांग हे व्यवायी द्रव्याचे उदाहरण दिले आहे. चरकोक्त मेध्य रसायने चार : मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी. त्यांत विजया नाही. विजयेतील टीएचसी मद उत्पन्न करते व तात्कालिक स्मृती क्षीण करते. कॅनाबिडिऑल मदकारी नाही. अल्झायमरसदृश विकृती असलेल्या उंदरांत त्याने स्मृती सुधारल्याचे आढळले. मानवात तसा पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेत २०१८ साली त्यास मान्यता मिळाली ती अपस्माराच्या दुर्धर प्रकारांसाठी.

व्हॅल्प्रोएटसोबत दिल्यास यकृतास अपाय संभवतो; क्लोबाझाम व वॉरफरिन यांचा प्रभाव वाढतो. म्हणून वृद्ध रुग्णाची चालू औषधे आधी विचारावीत. विस्मरणाच्या मुळाशी बी-१२ची न्यूनता, थायरॉईडचा विकार वा नैराश्य नाही ना, हेही पाहावे.

औषधालयचालकांनी स्मरणात ठेवावे की विजया अनुसूची ई-१ मधील विषद्रव्य आहे. वैद्याच्या देखरेखीवाचून ती देऊ नये आणि ‘स्मृतिवर्धक’ म्हणून तर मुळीच विकू नये.