मोटार विहिरीवर, बटण पुण्यात

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय. मुलगा पुण्यातून चालू-बंद करतो. कुणी हॅक केला तर? काढून टाकू का?
– एक शेतकरी, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : काढू नका. रात्रीच्या लाइटीसाठी अंधारात बांध तुडवण्यापेक्षा तो केव्हाही बरा. निव्वळ सिमवर चालणारा स्टार्टर इंटरनेटला जोडलेला नसतो; नोंदवलेल्या नंबरांचंच ऐकतो. तेव्हा काम सोडून गेलेल्या सालगड्याचा नंबर आधी काढा आणि कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. 2023 मध्ये अमेरिकेत पाणीपुरवठ्याच्या यंत्रांत शिरलेल्यांना बहुधा ‘1111’ हा न बदललेला पासवर्डच पुरला होता!

तुम्हाला हॅकरपेक्षा मुलाची भीती जास्त, असं मी म्हणेन. तुम्ही फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरलेले, आणि तिकडे त्याने बटण दाबलं तर? ‘ऑटो’वर ठेवलेली मोटार तर लाइट येताच आपली आपण सुरू होते. म्हणून उतरण्याआधी मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात टाका, मग मुलाला फोन करा. फक्त फोनवर भागवू नका.

स्टार्टरला ड्राय-रन संरक्षण आहे का, हेही वायरमनला विचारा. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पुण्यातून ते दिसत नाही, आणि कोरडी चालून मोटार जळते.