ब्लॉक हीटरची वायर हातात धरून बघा

कॅनडात एडमंटनला जुना डिझेल पिकअप घेतला, तेव्हा विकणाऱ्याने बंपरखाली लोंबणारा तीन पिनांचा प्लग दाखवला. ब्लॉक हीटर आहे, रात्री लावून ठेवा, सकाळी गाडी चालू. एक हिवाळा तसा निघालाही. पुढच्या जानेवारीत पारा उणे ३४ वर गेला, त्या सकाळी स्टार्टर जड आवाजात कण्हला आणि थांबला. हीटर तर रात्रीच लावला होता. प्लग काढायला गेलो, तो निघेना. एक पिन एक्स्टेन्शनच्या सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती, भोवतीचं प्लास्टिक करपलं होतं आणि जळक्या रबराचा वास येत होता. रात्री कधीतरी ब्रेकर पडला, म्हणून तेवढ्यावर निभावलं. गाडी घराच्या भिंतीला लागून उभी होती आणि त्या भिंतीपलीकडे मुलं झोपली होती.

मेकॅनिकने पुढची जाळी काढल्यावर खरा प्रकार दिसला. आधीच्या मालकाने तुटलेल्या कॉर्डला साधी बारीक वायर पिळून जोडली होती आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. रस्त्यावरचं मीठ टेपच्या आत शिरून तांब्यावर हिरवट थर चढला होता. प्लगच्या पिनांचीही तीच गत. हीटर स्वतः मात्र ठणठणीत होता! म्हणूनच नव्याने डिझेल गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की हीटरची चौकशी नंतर करा, आधी त्याची वायर टोकापासून टोकापर्यंत बघा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिनाचा ब्लॉक गारठलेला असला की ती उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. त्यात तेल घट्ट झालेलं आणि बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली. ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनातल्या कूलंटमध्ये बुडालेला विजेचा एलिमेंट. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिन तापवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट १९४९ साली मिळालं, आणि आज इकडच्या गावांत पार्किंगमध्येही त्यासाठी प्लगचे खांब उभे असतात. मी निफाडचा. थंडीत द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवणारी माणसं पाहिलेला, त्यामुळे थंडी ओळखतो असं वाटायचं. उणे तिशीची थंडी वेगळीच असते.

डिझेल पिकअपचा हीटर साधारण ७५० ते १००० वॅटचा असतो, मोठ्या ट्रकचा त्याहून जास्त. इकडच्या १२० व्होल्टवर हजार वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या वर करंट, तोही तासन्‌तास. बारीक वायरीवर हा भार टाकणं म्हणजे पंख्याच्या वायरीवर गीझर चालवणं. एक्स्टेन्शन बाहेर वापरायचीच, तीन पिनांची आणि १४ गेजची घ्या. लांब लागणार असेल तर १२ गेजची, कारण गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ती पूर्ण उलगडा. वेटोळं करून ठेवलेली वायर स्वतःच तापते.

हीटर लावून अर्धा तास झाला की प्लग हातात धरा. कोमट असेल तर ठीक. गरम लागला, पिना काळ्या दिसल्या किंवा प्लग सैल बसत असला, तर ती कॉर्ड फेकून द्या आणि गाडीच्या मॉडेलची नवी आणा. टेप मारून चालवू नका. बॉनेट उघडून आतली वायरही बघा: एक्झॉस्टला टेकलेली नको, पंख्याजवळ लोंबणारी नको.

मल्टिमीटर असेल तर सोपं आहे. कॉर्ड भिंतीपासून सोडवून प्लगच्या दोन चपट्या पिनांत हजार वॅटचा हीटर साधारण १४ ओहम दाखवतो. चपटी पिन आणि अर्थची गोल पिन यांत मात्र काहीच दिसता कामा नये. एक मेख आहे: काही कॉर्डमध्ये थर्मोस्टॅट असतो आणि तो साधारण उणे १८ च्या खालीच करंट सोडतो. अशी कॉर्ड उबदार गॅरेजमध्ये तपासली तर हीटर जळाला असं वाटतं आणि विनाकारण खर्च होतो.

रात्रभर लावायची गरज नसते. बाहेर चालणारा, तेवढा भार पेलणारा टायमर घेऊन निघण्याआधी तीन-चार तास लावा. हजार वॅटच्या हीटरला दहा तासांत दहा युनिटं जातात, चार तासांत चार. निघताना विसरून वायर ओढली जाऊ नये म्हणून एक्स्टेन्शनचं टोक आरशावर अडकवायची इकडे पद्धत आहे.

कूलंट कमी असताना हीटर लावू नका. एलिमेंट हवेत उघडा पडला की जळतो. कूलंट बदलल्यावर आधी हवा काढून घ्या. अर्धं पाणी, अर्धं अँटीफ्रीझ हे मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठू लागतं, आणि जानेवारी २०२४ मध्ये एडमंटन विमानतळावर पारा उणे ४५ च्या खाली गेला होता. इथे ६० टक्के अँटीफ्रीझ ठेवलेलं बरं.

टाकीतलं डिझेल मात्र या हीटरने गरम होत नाही. व्हँकुव्हरला टाकी भरून रॉकीज ओलांडून आलात, तर तिकडच्या डिझेलमधलं मेण इथे फिल्टरमध्ये जमतं. शक्य तितक्या लवकर इकडचं हिवाळी डिझेल भरा. आणि गाडी चालू होत नाही म्हणून कुणी इथरचा स्प्रे पुढे केला, तर हात धरून थांबवा. आत तापणारे ग्लो प्लग असलेल्या इंजिनात त्याचा स्फोट होऊ शकतो.

हे सगळं ऑक्टोबरात उरका. पहिला कडाका पडला की दुकानातल्या कॉर्ड संपतात आणि गॅरेजची वेळ मिळत नाही.