जुने नाणे घासण्याआधी : रंग, सफाई आणि मूळ ठिकाण

बारामती-इंदापूरच्या बाजारात भंगाराचे, तांब्या-पितळेच्या मोडीचे आणि कल्हईचे काम करणाऱ्या बांधवांच्या हाती अधूनमधून जुनी नाणी येतात. कधी मोडीच्या पोत्यातून निघतात, कधी एखादा शेतकरी नांगरताना सापडलेली घेऊन येतो. अशा वेळी चिंच किंवा तेजाब लावून नाणे लख्ख करण्याची घाई होते. भांड्याला जे फायद्याचे, तेच नाण्याला नुकसानीचे ठरते.

आपल्या भागात काय सापडू शकते?

सुपे परगणा निजामशाहीने मालोजीराजे भोसले यांना दिला होता, आणि त्यांचा अंत इंदापुरात झाला. त्याआधी येथे १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याचा अंमल होता. नंतर आदिलशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज आले. त्यामुळे बहमनी व निजामशाही तांब्याची नाणी, मोगल रुपये, शिवराई आणि पेशवाईतील रुपये यांपैकी काहीही हाती येऊ शकते. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असे देवनागरीत असते. पुण्याच्या अंकुशी रुपयावर मात्र बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असतो.

ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना येथे मोठा फायदा आहे. ‘जर्ब’ हा शब्द शोधावा. त्याच्याजवळ टांकसाळीच्या गावाचे नाव असते. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे निघतो. हिजरी १००० म्हणजे इ.स. १५९१-९२. नाण्याची किंमत अनेकदा याच दोन गोष्टींवर ठरते, आणि घासताना आधी तीच अक्षरे झिजतात. अकबर व शाहजहानच्या काही रुपयांवर तर कलमा आहे. अशा नाण्यावर तेजाब ओतणे अदबीलाही धरून नाही.

रंग काय सांगतो?

तांब्यावरचा तपकिरी, काळसर किंवा घट्ट गुळगुळीत हिरवा थर हा शेकडो वर्षांत बसलेला असतो. तो आतल्या धातूला जपतो आणि जाणकाराला नाणे अस्सल असल्याची खूण पटवतो. फिकट हिरवी भुकटी मात्र रोग आहे. ती बोटाने निघते, पण पुन्हा येते. मातीतील क्षार, ओल आणि हवा मिळून तेथे आम्ल तयार होते व तांबे आतून खात जाते. कल्हईवाल्यांनी ध्यानात ठेवावे की नवसागरातही असाच क्षार असतो. तो नाण्याला कधीही लावू नये. रोगट नाणे इतरांपासून वेगळे, अगदी कोरडे ठेवावे. चांदीवरचा सारखा काळसर रंग गंधकामुळे येतो. तो तसाच राहू द्यावा.

सफाई किती करावी?

फक्त सुटी माती काढावी. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये (ॲसिडमध्ये नव्हे) नाणे भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि मऊ झालेली माती बांबूच्या काडीने अलगद सोडवावी. मग पूर्ण वाळवावे. लिंबू, चिंच, राख, पॉलिश, तारेचा ब्रश व बफ वर्ज्य. नाणे कडेला धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. त्यातून आम्ल सुटून नाणे चिकट हिरवे होते. कागदी पाकीट बरे.

खोटे नाणे ओतीव असेल तर कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. एकाच ठशाची, एकसारखी झिजलेली अनेक नाणी दिसली तर सावध व्हावे. लावलेला हिरवा रंग स्पिरिटच्या बोळ्याला लागतो.

मूळ ठिकाण आणि कायदा

नाणे कोणी आणले, कोणत्या गावात, किती नाण्यांसोबत व कशात सापडले, हे त्याच दिवशी तारखेसह लिहावे. सोबतची नाणी व मडके वेगळे करू नये. एकटे नाणे मुके असते, पूर्ण साठा इतिहास सांगतो.

जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरील किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लपवल्यास हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालकी कोणाची ठरली नाही तर ठेवा सापडणाऱ्याला मिळू शकतो. सरकारने तो घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

शरीयतनेही हा विषय मोकळा सोडलेला नाही. हनफी फिकहनुसार इस्लामी खूण असलेला पुरलेला ठेवा ‘लुकता’, म्हणजे सापडलेली परकी वस्तू मानला जातो. प्राचीन काळच्या ठेव्यात पाचवा हिस्सा द्यावा लागतो. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. आणि नाणे साफ केलेले असेल तर विकताना तसे सांगावे. मालाचा ऐब लपवणे जायज नाही.

ओळख पटत नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज किंवा नाशिकजवळ अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था येथे विचारणा करावी. तोपर्यंत नाणे मुशीत टाकू नये आणि घासूही नये. वितळवल्यावर मोडीचा भाव मिळतो, पण अक्षरे परत येत नाहीत.