औंधचा राजपुत्र, भारताचा वकील

वसईच्या विद्यार्थ्यास 'तह' हा शब्द नवा नाहीं. होळकरांच्या भयानें पुण्याहून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं येथेंच इंग्रजांशीं तह केला, आणि गादी परत मिळावी म्हणून राज्याचें स्वातंत्र्य गहाण टाकिलें. त्या काळीं परदरबारीं राहून आपल्या राज्याचें काम पाहणाऱ्या गृहस्थास 'वकील' म्हणत. आज त्यास आपण राजदूत म्हणतों. असा वकील कसा असावा, हें अप्पासाहेब पंत ह्यांच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

अप्पासाहेबांचा जन्म सन १९१२ मध्यें झाला. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे त्यांचे वडील. मुंबईस व ऑक्सफर्ड येथें शिकून ते बॅरिस्टर झाले. परत आल्यावर सुखासीन आयुष्य त्यांच्या हातीं होतें. परंतु पितापुत्रांनीं निराळा मार्ग धरिला. महात्मा गांधींच्या सल्ल्यानें व मॉरिस फ्रीडमन ह्या पोलंडच्या इंजिनियराच्या साह्यानें नवी राज्यघटना तयार झाली, आणि सन १९३९ मध्यें औंधच्या राजांनीं आपण होऊन कारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. गांवपंचायत हा त्या घटनेचा पाया होता.

सन १९४८ मध्यें पंडित नेहरूंच्या सरकारनें अप्पासाहेबांस कमिशनर नेमून नैरोबीस धाडिलें. पूर्व आफ्रिकेंत तेव्हां इंग्रजांचें राज्य होतें. व्यापारांत व कचेऱ्यांत हिंदी लोकांचा, आपल्या गोवेकर बंधूंचाही, मोठा भरणा होता. आणि ज्याची ती भूमि, तो आफ्रिकन मात्र सर्वांच्या खालीं होता. अप्पासाहेबांनीं जोमो केन्याटा व इतर आफ्रिकन पुढाऱ्यांशीं स्नेह जोडिला. हिंदी रहिवाशांस त्यांनीं आफ्रिकनांशीं बंधुभावानें वागण्याचा उपदेश केला. आफ्रिकन तरुणांस भारतांत शिकावयास शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. गोऱ्या अधिकाऱ्यांचा त्यांजवर रोष झाला. सन १९५२ मध्यें केनियांत आणीबाणी पुकारली गेली व केन्याटांस अटक झाली. सन १९५४ मध्यें अप्पासाहेबांनीं नैरोबी सोडिली.

कोणी म्हणेल, वकिलानें यजमानास दुखवूं नये. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. रोष ओढवून घेणाऱ्या वकिलाचें काम अडतें. परंतु त्या भूमीचा खरा यजमान कोण, हाच तर प्रश्न होता. त्याचें उत्तर काळानें दिलें. सन १९६३ मध्यें केनिया स्वतंत्र झाला, आणि तेच केन्याटा त्याचे पहिले पंतप्रधान झाले.

पुढें अप्पासाहेबांनीं गंगटोक येथें राहून सिक्कीम व भूतानसंबंधींचें काम पाहिलें. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, ब्रिटन व इटली ह्या देशांत भारताचें प्रतिनिधित्व केलें. सन १९९२ मध्यें ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, परक्यास न्याय सांगणाऱ्याचा शब्द त्याच्या घरच्या वागणुकीनें तोलला जातो. ज्याच्या घराण्यानें आपली सत्ता स्वखुषीनें प्रजेस दिली, त्यानें स्वातंत्र्याची गोष्ट काढिली तर ऐकणाऱ्यास ती पटते. आतां वसईच्या किल्ल्यांत जाल, तेव्हां गादीसाठीं स्वातंत्र्य देणारा तो पेशवा आठवा, आणि प्रजेसाठीं सत्ता सोडणारें औंधचें घराणेंही आठवा.