व्हिडिओ पाहून डॉक्टर होताना

मेडिसिनच्या पोस्टिंगला येणारा विद्यार्थी आता पोटाची तपासणी वॉर्डात बघण्याआधी मोबाईलवर बघून आलेला असतो. मला त्यात वावगं काही वाटत नाही. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला जगातल्या नामवंत शिक्षकांचं शिकवणं फुकट ऐकायला मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे. काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. पाठ्यपुस्तकाला संपादक असतो, आवृत्ती असते. बहुतेक व्हिडिओंना दोन्ही नसतं आणि त्यांचा दर्जा कसा पारखायचा हे आमच्या अभ्यासक्रमात कुणी बसून शिकवत नाही. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात उभं राहून जे ध्यानात आलं, ते इथे मांडतो.

१. जे हलतं, ते हलतानाच बघावं

गर्भाच्या आतड्याचं फिरणं पुस्तकातल्या सपाट आकृत्यांवरून समजणं फार अवघड. आतडं नाळेत बाहेर जातं, परत येतं आणि या प्रवासात सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीभोवती एकूण २७० अंशांत फिरतं. चांगल्या अ‍ॅनिमेशनमध्ये हे दोन मिनिटांत डोळ्यांसमोर उभं राहतं. हृदयाच्या झडपांची उघडझाप, न्यूमोनियातली फुप्फुसाची सोनोग्राफी, पार्किन्सनच्या पेशंटची चाल, अपस्माराचा झटका या सगळ्याचं तसंच आहे. रॉबर्ट अ‍ॅकलंड यांचे शरीररचनेचे व्हिडिओ मी आजही आवर्जून सुचवतो, कारण त्यात फॉर्मलिनने कडक न झालेल्या ऊती दिसतात आणि सांधे, स्नायू खरोखर हलताना दिसतात. मात्र औषधांचे डोस, रोगांची वर्गीकरणं, कारणांच्या याद्या यांसाठी पुस्तकच बरं. तिथे व्हिडिओ वेळ जास्त घेतो आणि हाती कमी देतो.

२. व्ह्यूजवर जाऊ नका

सॅमी अझर यांनी २०१२ साली पृष्ठीय शरीररचनेवरचे यूट्यूब व्हिडिओ तपासले. विषयाशी संबंधित ५७ व्हिडिओंपैकी शिकायला उपयोगी ठरले फक्त १५. त्यानंतर वेगवेगळ्या विषयांवर असे पुष्कळ अभ्यास झाले आणि लोकप्रियता व दर्जा यांची सांगड बसत नाही, हे त्यांतून पुन्हापुन्हा दिसलं. मी विद्यार्थ्यांना चार प्रश्न पाठ करायला लावतो. ते १९९७ साली ‘जामा’ या नियतकालिकात सुचवलेल्या निकषांवरून घेतले आहेत: हे कोणी केलं, आधार कशाचा दिला, पैसा कोणाचा, आणि कधी केलं? अर्थात हे चारही जमले तरी मजकूर बरोबर असेलच असं नाही. शिकवणाऱ्याचं नाव, पदवी, संस्था सगळं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि लिव्हर ठोकून तपासताना बोट मात्र चुकीच्या जागी असतं. म्हणून शेवटचा निवाडा पुस्तकाशी ताडूनच करायचा.

३. तारीख आधी बघा

सीपीआरचंच उदाहरण घ्या. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रौढांसाठीचा क्रम बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब हा क्रम गेला आणि दाब पहिले आले. २०१५ साली दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असा ठरला आणि खोली किमान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नको, असं सांगितलं गेलं. जुने व्हिडिओ मात्र अजून जागच्या जागी आहेत आणि दिसायलाही उत्तम आहेत. क्षयरोगाचंही तेच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून आठवड्यातून तीनदा द्यायच्या गोळ्या जाऊन वजनानुसार रोजचे डोस आले. त्याआधीचं व्याख्यान ऐकून कोणी प्रिस्क्रिप्शन लिहिलं, तर नुकसान पेशंटचं होतं.

४. हा व्हिडिओ कोणत्या देशातल्या पेशंटसाठी आहे?

अमेरिकेतल्या परीक्षांसाठी केलेले व्हिडिओ आपल्याकडे फार बघितले जातात. त्यांतलं शरीरक्रियाशास्त्र उत्तम असतं. पण २०१७ पासून तिथे १३०/८० ला उच्च रक्तदाब म्हणतात, आपल्याकडे निदानाची रेषा अजून सर्वसाधारणपणे १४०/९० आहे. ब्रिटिश व्हिडिओत उपाशीपोटीची साखर ७ म्हणतात, आपल्या रिपोर्टवर तीच १२६ असते.

खरी अडचण सर्पदंशात येते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिडिओत हातापायाला वरपासून खालपर्यंत घट्ट बँडेज बांधायला शिकवतात. तिथल्या सापांसाठी ते योग्य आहे. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने दंशाच्या जागीच मांस सडतं, म्हणून आपल्या मार्गदर्शक सूचना असं बँडेज बांधू नका, हात किंवा पाय आधार देऊन स्थिर ठेवा आणि दवाखान्यात पोचवा, असं सांगतात. पुढची चाचणी तर यंत्राविना होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत शिरेतलं ताजं रक्त घ्यायचं, नळी २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलं आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जगापुढे मांडलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इंटर्नशिप करणाऱ्याला हे ज्ञान पहिल्याच आठवड्यात लागू शकतं. ते परदेशी परीक्षेच्या तयारीत मिळणार नाही.

५. एडिटिंगमध्ये काय गेलं, ते ओळखा

तपासणीच्या व्हिडिओतला माणूस सहसा तरुण, सडपातळ आणि निरोगी असतो. सांगितलं की वळतो, श्वास घ्या म्हटलं की घेतो. आमच्या वॉर्डातल्या आजींना धाप लागलेली असते, उताणं झोपवत नाही, लुगडं सावरायचं असतं आणि शेजारी सून उभी असते. त्यांना तपासायला जो वेळ लागतो, जे बोलावं लागतं, ते व्हिडिओत नसतं.

प्लीहेची तपासणी बघा. हात सुरू करायचा उजव्या कुशीत खाली, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडं थोडं पुढे सरकत डाव्या बरगडीखाली पोचायचं. घाईतल्या व्हिडिओत हात थेट डाव्या बरगडीपाशीच ठेवलेला दिसतो. निरोगी माणसात त्याने काहीच बिघडत नाही, कारण तिथे हाताला लागण्यासारखं काही नसतंच. पण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात प्लीहा बेंबी ओलांडून उजवीकडे गेलेली असते. तेव्हा हात तिच्यावरच टेकलेला राहतो, तिची कड कुठेच लागत नाही आणि एवढी मोठी प्लीहा निसटून जाते.

६. स्पीकरला जे येत नाही, ते कानांना येणार नाही

मायट्रल स्टेनोसिसचा आवाज अगदी खालच्या पट्टीतला असतो. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोची बेल हलकेच टेकवून, शांत खोलीत तो ऐकायचा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ येतच नाहीत. मग विद्यार्थी निवेदकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून ‘ऐकलं’ असं धरून चालतो. हृदयाचे आवाज ऐकायचे तर चांगले हेडफोन लावा, आणि त्याच आठवड्यात खऱ्या पेशंटच्या छातीवर बेल टेकवा.

७. बघितलं म्हणजे आलं नव्हे

२०१८ साली कार्डास आणि ओब्रायन यांनी दाखवून दिलं की एखादं कौशल्य पुन्हापुन्हा नुसतं बघितलं, तर ते आपल्याला जमेल हा विश्वास वाढतो, प्रत्यक्षात जमणं मात्र वाढत नाही. दुप्पट वेगाने चार व्हिडिओ संपवणाऱ्या मुलांमध्ये मला हेच दिसतं. व्हायवाला बसल्यावर विषय ओळखीचा वाटतो आणि वाक्य सुरू होत नाही. उपाय साधा आहे. व्हिडिओ मध्येच थांबवा, पुढे काय येणार ते मोठ्याने सांगा. संपल्यावर मोबाईल पालथा ठेवून कोऱ्या कागदावर आकृती काढा. मग जोडीदाराच्या पोटावर तीच तपासणी करा आणि सीनिअरला बाजूला उभं करा.

८. पेशंट हा कंटेंट नाही

वॉर्डात मोबाईल काढून पेशंटचं चित्रण करू नका. लेखी संमती नसलेला, चेहरा ओळखू येणारा व्हिडिओ समोर आला तर तो पुढे पाठवू नका. त्यात कितीही दुर्मीळ लक्षण असलं तरी हे पाळायचं.

९. निवड करणं हे शिक्षकांचं काम

‘यूट्यूब बघू नका’ असं सांगून भागत नाही. मुलं बघणारच आहेत, आणि त्यांनी बघावंही. आपण प्रत्येक विषयाला दोन-तीन व्हिडिओ स्वतः अथपासून इतिपर्यंत बघून निवडले पाहिजेत. त्यातलं काय जुनं झालंय, आपल्याकडे काय वेगळं आहे, हे यादीतच लिहून दिलं पाहिजे आणि दरवर्षी ती यादी पुन्हा तपासली पाहिजे. एखादा चुकीचा व्हिडिओ वर्गात लावून ‘यात काय चुकलं?’ असं विचारलं, तर मुलं डोळे उघडे ठेवून बघायला शिकतात. डॉक्टर झाल्यावरही ही मुलं पुढची चाळीस वर्षं नवी माहिती अशाच मार्गांनी मिळवणार आहेत. खरं-खोटं निवडण्याची सवय त्यांना एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून लावणं, हे मला आज तपासणी शिकवण्याइतकंच महत्त्वाचं काम वाटतं.